बसच्या दोन बॅटऱ्यांपैकी एकच वारंवार उतरते, तेव्हा

आपण कळवलेली हकीकत अशी आहे. २०१२ सालची ३२ आसनी डिझेल बस आपण विकत घेतली, आतली बाके काढून तिथे दोन पलंग, ओटा आणि न्हाणीघर करून घेतले, आणि आता ती होटगी रस्त्यावरील घराशेजारच्या मोकळ्या जागेत उभी असते. महिन्यातून एखाददुसऱ्या वेळी ती तुळजापूर, अक्कलकोट किंवा फार तर पुण्यापर्यंत जाते. दहा-बारा दिवस उभी राहिली की सेल्फ नुसता ‘टक्’ असा आवाज करतो आणि इंजिन फिरत नाही; बॅटरीची वीज तोडणारा कट-ऑफ स्विच आठवणीने बंद केला तरीही हेच होते. चौदा महिन्यांत इंजिनच्या बॅटऱ्यांची दुसरी जोडी संपत आली आहे. मेकॅनिक अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या फिरण्यावर बॅटऱ्या भरणारे यंत्र, बदलायला सांगतो आणि बॅटरीविक्रेता ‘हल्लीचा मालच असा येतो’ म्हणतो. सोबत आपण तीन आकडे दिले आहेत: आठ दिवस उभ्या असलेल्या बसमध्ये एका बॅटरीवर १०.९ व्होल्ट, दुसरीवर १२.७ व्होल्ट, आणि इंजिन चालू असताना दोन्ही मिळून २८.१ व्होल्ट. १२.७ दाखवणाऱ्या बॅटरीलाच सारखे पाणी घालावे लागते, हे आपण जाताजाता लिहिले आहे. मला तेच वाक्य सर्वांत मोलाचे वाटले.

मी गेली एकतीस वर्षे अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीजवळ ट्रक आणि बसच्या वायरिंगचे काम करतो. बस न पाहता निदान सांगणे मला आवडत नाही, परंतु या आकड्यांपुढे फारशी शंका उरत नाही. अल्टरनेटर बदलू नये. २४ व्होल्टच्या गाडीत इंजिन मध्यम वेगाने चालू असताना २७.६ ते २८.८ व्होल्ट दिसले की चार्जिंग व्यवस्थित आहे असे समजतात, आणि आपला आकडा त्याच्या जवळजवळ मध्यावर आहे. बॅटऱ्याही बहुधा मुळात चांगल्याच होत्या. दोष असा आहे की आपल्या बसमध्ये कोणीतरी दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडपट्टीवरून १२ व्होल्टची तार काढलेली आहे, आणि त्या तारेवर चोवीस तास काहीतरी चालू आहे.

हे कसे घडते ते समजून घेतल्यास पुढचे सगळे सोपे होईल. २४ व्होल्टच्या बसमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. जिचे ऋण टोक बसच्या सांगाड्याला बांधलेले असते तिला मी बॉडीकडची बॅटरी म्हणतो, आणि जिच्या धन टोकावरून सेल्फला जाड केबल जाते तिला सेल्फकडची. बस घरासाठी सजवणाऱ्या कारागिराकडे गाण्यांचा संच, मागचा कॅमेरा, छोटे पंखे, एलईडी पट्ट्या आणि पाण्याचा पंप असे सारे सामान १२ व्होल्टचे असते, कारण बाजारात तेच सहज आणि स्वस्त मिळते. मग तो सर्वांत जवळचा मार्ग धरतो: दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या पट्टीवर एक तार लावतो आणि दुसरे टोक बॉडीला अर्थ करतो. दिवे लागतात, गाणी वाजतात, पैसे चुकते होतात. मात्र हा सगळा भार एकट्या बॉडीकडच्या बॅटरीवर पडतो आणि सेल्फकडची बॅटरी रिकामटेकडी बसून राहते.

बस चालू झाली की दुसरा अनर्थ सुरू होतो. एकापुढे एक जोडलेल्या बॅटऱ्यांतून चार्जिंगचा प्रवाह सारखाच जातो आणि अल्टरनेटरचा रेग्युलेटर फक्त दोघींची बेरीज पाहतो. त्याला २८ मिळाले की तो समाधानी होतो. रिकामी बॅटरी १३ व्होल्टच्या आसपास रेंगाळते, त्यामुळे आधीच भरलेली दुसरी १५ व्होल्टच्या वर ढकलली जाते. तिच्यातले पाणी वायू होऊन उडून जाते, आणि आपल्याला वाटते की तिला पाण्याची सवय लागली आहे. एक बॅटरी कायम उपाशी आणि दुसरी अजीर्णाने हैराण, अशा रीतीने दोघीही वर्षभरात संपतात. उपाशी बॅटरीच्या प्लेटांवर शिसे-सल्फेटचे स्फटिक घट्ट होत जातात आणि ते एकदा पक्के झाले की नंतर कितीही चार्ज केले तरी पूर्वीची ताकद परत येत नाही.

डॅशबोर्डवरचा व्होल्टमीटरही येथे दिशाभूल करतो. १०.९ आणि १२.७ यांची बेरीज २३.६ होते, आणि २४ च्या गाडीत २३.६ पाहून ‘थोडी कमी आहे इतकेच’ असा समज होणे स्वाभाविक आहे. वास्तविक १२ व्होल्टची बॅटरी विश्रांतीनंतर १२.६ ते १२.७ दाखवते तेव्हा ती भरलेली असते, १२.२ म्हणजे निम्मी, आणि ११.८ च्या खाली गेली म्हणजे हिशेबाला काही उरत नाही. म्हणून २४ व्होल्टच्या गाडीत बॅटऱ्या नेहमी वेगवेगळ्या मोजाव्यात. आपण त्या तशा मोजल्या हे फार चांगले केले. माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी नऊ गाड्यांत कोणी तसे मोजलेले नसते.

कट-ऑफ स्विच बंद करूनही बॅटरी उतरते, याचे उत्तरही यातच आहे. आपला स्विच बहुधा सेल्फकडे जाणाऱ्या २४ व्होल्टच्या धन केबलवर बसवलेला आहे. मधली तार त्या स्विचच्या अलीकडून निघत असल्याने त्याला दादच देत नाही. घराचा पुढचा दरवाजा बंद करून परसदार उघडे ठेवण्यातला हा प्रकार आहे.

आता थोडा हिशेब करू. समजा, गाण्यांच्या संचाची मेमरी, गाडी कुठे आहे ते कळवणारा ट्रॅकर, कॅमेऱ्याचा डबा आणि एखादा विसरलेला मोबाइल चार्जर मिळून ०.३५ अँपिअर सतत घेत आहेत. ही रक्कम क्षुल्लक वाटते, पण दिवसाला ती ८.४ अँपिअर-तास होते आणि आठवड्याला जवळजवळ ५९. आपल्या बॅटऱ्या १०० अँपिअर-तासांच्या आहेत, म्हणजे बारा दिवसांत पूर्ण भरलेली बॅटरीसुद्धा तळाला जाते, आणि आपली तर कधीच पूर्ण भरत नाही. बरेच जण आठवड्यातून एकदा दहा मिनिटे इंजिन नुसते चालू ठेवतात आणि कर्तव्य पार पडल्याचे समाधान मानतात. सेल्फ मारायला लागणारी वीज खरोखर थोडी असते. ४०० अँपिअर तीन सेकंद ओढले तरी अर्धा अँपिअर-तासही होत नाही. परंतु आठवड्याचे ५९ अँपिअर-तास दहा मिनिटांच्या मंद चालीत परत येणे शक्य नाही. त्याला रस्त्यावर काही तास लागतात, आणि तुळजापूरला जाऊन येण्याइतक्या प्रवासातही ते पूर्ण होत नाही.

माझ्या निदानाची खात्री आपण स्वतः अर्ध्या तासात करू शकाल. बॅटरीपेटी उघडून मधल्या जोडपट्टीकडे पाहावे. जाड पट्टीशिवाय तिथे कोणतीही बारीक तार आलेली असली की चोर सापडला. ती तार काढून तिच्या आणि पट्टीच्या मध्ये मल्टिमीटर १० अँपिअरच्या जागेवर ठेवून लावावा. त्या वेळी चावी फिरवू नये आणि पंपही चालू करू नये, नाहीतर मीटरचा फ्यूज उडेल. पाच मिनिटांनी जो आकडा स्थिर होईल तो आपला रोजचा खर्च. त्यानंतर एकेक फ्यूज काढत गेल्यास कोण किती घेतो तेही कळेल. माझा अनुभव असा की या यादीत गाण्यांचा संच बहुधा पहिल्या क्रमांकावर असतो, कारण चावीची तार आणि कायमची तार एकत्र पिळून जोडण्याची खोड आपल्याकडे फार आहे. इंजिन चालू करून दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजल्या तर एकीवर १३ आणि दुसरीवर १५ च्या आसपास दिसेल, आणि मग अल्टरनेटरवरचा आरोप आपोआप मागे घेता येईल.

बस आज चालू करण्याची गरज असेल तर दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग २४ व्होल्टच्या ट्रकचा. ट्रकच्या जोडीच्या दोन बाहेरच्या टोकांवरून आपल्या जोडीच्या दोन बाहेरच्या टोकांवर केबल आणाव्या लागतात: आधी लाल केबल आपल्या धन टोकाला, मग तिचे दुसरे टोक ट्रकच्या धन टोकाला, नंतर काळी ट्रकच्या ऋण टोकाला, आणि शेवटी काळीचे उरलेले टोक आपल्या इंजिनच्या किंवा चासीच्या कोऱ्या लोखंडावर, बॅटरीपासून दूर. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडतेच आणि बॅटरीतून निघणाऱ्या हायड्रोजनला तेवढी पुरते, म्हणून हा क्रम पाळावयाचा. ट्रक दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवून, मग तो बंद करून आपला सेल्फ मारावा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये मिनिटभर थांबावे. केबल निदान ३५ चौरस मिलिमीटर तांब्याची हवी. दुकानात रंगीत पिशवीत मिळणाऱ्या केबलमध्ये रबर जाड आणि तांबे बारीक असते. ती हातात गरम होते आणि सेल्फ मात्र फिरत नाही. १२ व्होल्टच्या कारने अख्ख्या जोडीला ‘जम्प’ देण्याचा प्रयत्न कधीही करू नये. बस ढकलून चालू करण्याच्या फंदातही पडू नये, कारण इंजिन बंद असताना ब्रेकची हवा भरत नाही आणि पॉवर स्टिअरिंगची मदत मिळत नाही. एवढे धूड उतारावर सुटले तर ते आवरता येत नाही.

दुसरा मार्ग आपल्यासाठी अधिक सोयीचा आहे. आपल्याकडे घराच्या वापरासाठी १५० अँपिअर-तासांची १२ व्होल्टची ट्युब्युलर बॅटरी, इन्व्हर्टर आणि छतावर सोलर पॅनेल आहे असे आपण लिहिले आहे. इन्व्हर्टरच्या २३० व्होल्टवर १० अँपिअरचा साधा १२ व्होल्टचा चार्जर लावून तो फक्त बॉडीकडच्या, म्हणजे उतरलेल्या बॅटरीला तीन तास जोडावा. सेल्फ फिरण्याइतकी ताकद तेवढ्यात बहुधा येते आणि घराच्या बॅटरीचा तिसऱ्या हिश्शाइतकाच भाग खर्च होतो. येथे २४ व्होल्टचा चार्जर मुद्दाम टाळावा, कारण तोही अल्टरनेटरप्रमाणे बेरीजच पाहील आणि भरलेल्या बॅटरीला आणखी उकळवील. काही आधुनिक चार्जर फार उतरलेल्या बॅटरीला ओळखतच नाहीत आणि नुसता लाल दिवा दाखवतात. अशा वेळी जुन्या पद्धतीचा ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर उपयोगी पडतो.

घराची बॅटरी केबलने थेट इंजिनच्या बॅटरीला जोडण्याचा मोह मात्र विचारपूर्वकच करावा. बॉडीकडच्या बॅटरीला तसे जोडता येते, कारण दोघींचे ऋण टोक एकाच सांगाड्यावर असते. सेल्फकडच्या बॅटरीला जोडायला गेलात तर तिचे ऋण टोक सांगाड्यापेक्षा १२ व्होल्टने वर असल्यामुळे बॉडीकडची बॅटरी सरळ शॉर्ट होते. मी स्वतः ही चूक वेगळ्या रूपात केलेली आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी मोहोळच्या अलीकडे रात्री एका ट्रकच्या सेल्फकडच्या बॅटरीला जीपवरून वीज देत होतो. जोडणी बरोबर होती, पण जीप इतकी जवळ लावली होती की तिचा बंपर ट्रकच्या गार्डला टेकला, आणि क्षणात काळ्या केबलचे रबर वितळून रस्त्यावर ठिबकू लागले. सुदैवाने माझ्या मदतनिसाने केबल लाथेने उडवली. तेव्हापासून दोन गाड्यांमध्ये हात जाईल एवढी जागा ठेवल्याशिवाय मी चिमटा लावत नाही, आणि हातातले कडे व अंगठी आधी खिशात टाकतो.

उतरलेली बॅटरी टाकून द्यावी की नाही, हे चार्ज केल्यानंतरच ठरवावे. दोन्ही बॅटऱ्या सुट्या करून, ऋण टोक आधी आणि धन नंतर काढून, प्रत्येकीला आपल्या क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याने, म्हणजे १० अँपिअरने, दहा-बारा तास वेगळे चार्ज करावे. प्लेटा उघड्या दिसत असतील तर त्या बुडतील एवढेच पाणी आधी घालावे आणि पातळी चार्ज झाल्यावर पुरी करावी. आधीच काठोकाठ भरल्यास आम्ल बाहेर येऊन पेटी खाते. हाताला चटका बसेल इतकी बॅटरी तापली किंवा कुजक्या अंड्यासारखा वास आला तर चार्जर बंद करून दूर व्हावे. एक रात्र विश्रांती देऊन मग हायड्रोमीटर, म्हणजे आम्लाची घनता मोजणारी नळी, लावावा. सहाही सेलमध्ये १.२४० च्या पुढे आणि जवळजवळ सारखे आकडे आले तर बॅटरीत जीव आहे. पाच सेल बरे आणि एक ०.०५० ने किंवा अधिक मागे असेल तर तो सेल गेला. पूर्ण चार्जनंतरही बॅटरी १०.५ च्या आसपास अडकली तर एक सेल आतून शॉर्ट झाला आहे, आणि तिच्यावर आणखी वीज खर्च करण्यात अर्थ नाही. हायड्रोमीटर चांगला सांगत असला तरी दुकानात लोड टेस्टर, म्हणजे बॅटरीवर मोठा भार टाकून पाहणारे यंत्र, लावून पाहावे, कारण कित्येक बॅटऱ्या बोलायला खणखणीत आणि ओझे उचलायला नादार असतात.

आता कायमचा उपाय. मधल्या पट्टीवरची तार पूर्णपणे काढून टाकावी आणि १२ व्होल्टचे सगळे सामान घराच्या बॅटरीवर न्यावे. ती बॅटरी त्याच कामासाठी आहे, सोलर तिला रोज भरते, आणि ती रिकामी झाली तरी बस चालू होते. प्रवासात तिला इंजिनकडूनही वीज मिळावी असे वाटत असेल तर २४ वरून १२ व्होल्टला चार्ज करणारा २० अँपिअरचा डीसी चार्जर बसवावा. तो अख्ख्या जोडीवरून वीज घेतो, म्हणून दोन्ही बॅटऱ्यांवर सारखाच भार येतो. तो इंजिन चालू असतानाच काम करील अशा रीतीने चावीच्या तारेवर घ्यावा, घराच्या बॅटरीजवळ बसवावा, म्हणजे लांबच्या तारेतून २४ व्होल्टचा कमी प्रवाह जाईल, आणि दोन्ही टोकांना बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज घालावा. फ्यूजशिवाय बसच्या पोटातून नेलेली तार मी माझ्या हाताने कधी जोडत नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असले तरी.

ट्रॅकर हा एकच अपवाद संभवतो. बरेचसे ट्रॅकर २४ व्होल्टवर थेट चालतात. त्याच्या पाठीवरची चिठ्ठी वाचून तसे असल्यास तो जोडीच्या बाहेरच्या टोकांवर घ्यावा. बाजारात दोन बॅटऱ्या समान ठेवणारा बॅलन्सरही मिळतो आणि तो काम करतो, परंतु मधली तार तशीच ठेवून त्यावर बॅलन्सर चढवणे म्हणजे गळक्या माठाखाली परात ठेवणे होय. आपल्याकडे घराची वेगळी बॅटरी असताना मी त्यावर पैसे घालणार नाही.

कट-ऑफ स्विचबद्दल एवढेच की इंजिन चालू असताना तो कधीही बंद करू नये. अल्टरनेटरचा भार अचानक सुटल्याने त्यातले डायोड जळतात. पुढेमागे आपण धूर स्वच्छ करण्यासाठी युरियाचे द्रावण लागणारी नवी बस घेतलीत तर चावी बंद केल्यावर दोन-तीन मिनिटे थांबून मगच स्विच बंद करावा, कारण तेवढ्या वेळात तिचा पंप नळीतला युरिया परत ओढून घेत असतो.

सोलापूरच्या हवेबद्दल दोन शब्द आवश्यक आहेत. येथे लोक बॅटरी थंडीत मेली असे म्हणतात, कारण ती डिसेंबरच्या पहाटे दगा देते. तिची खरी हानी मात्र एप्रिल-मेमध्ये झालेली असते. तापमान दर दहा अंशांनी वाढले की आतली झीज आणि आपोआप उतरण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, आणि आपल्याकडे सावलीत ४२-४३ अंश असताना डांबरी रस्त्यालगतच्या लोखंडी पेटीत त्याहून कितीतरी जास्त असते. मार्च ते जून दर पंधरा दिवसांनी पाण्याची पातळी पाहावी, बसचा बॅटरीपेटीचा भाग शक्य तो भिंतीच्या सावलीकडे उभा करावा, आणि पाणी फक्त डिस्टिल्ड वापरावे. आपल्याकडच्या बोअरचे पाणी भांड्याला पांढरा थर सोडते, तोच क्षार प्लेटांना नको असतो. आम्ल तर कधीच घालू नये. बाष्प होऊन जाते ते पाणी, आम्ल आतच राहते.

नवी जोडी घ्यावीच लागली तर दोन्ही एकाच बनावटीच्या, एकाच क्षमतेच्या आणि शक्य तो एकाच महिन्याच्या घ्याव्यात. एक जुनी आणि एक नवी लावल्यास तार काढूनही तोच असमतोल परत सुरू होतो. जुन्या बॅटऱ्या विक्रेत्याला परत देऊन त्यांची किंमत वळती करून घ्यावी. त्यांतली एक बरी निघाली म्हणून ठेवून घेतली तरी ती बसमध्ये परत लावू नये, शेतावरच्या दिव्याला वापरावी.

हे सारे झाल्यावर दोन्ही बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून, कट-ऑफ बंद करून बस पंधरा दिवस तशीच उभी ठेवावी आणि मग पुन्हा दोघी वेगवेगळ्या मोजाव्यात. दोन्ही १२.५ च्या आसपास आणि एकमेकींपासून ०.१ व्होल्टच्या आत असल्या तर काम पूर्ण झाले. बॉडीकडची पुन्हा मागे पडली असेल तर बसमध्ये अजून एखादी मधली तार शिल्लक आहे. जुन्या प्रवासी बसमध्ये ती बहुतेक वेळा ड्रायव्हरच्या आसनामागून टपावरच्या जुन्या ध्वनिक्षेपकाकडे गेलेली आणि नव्या प्लायवूडखाली झाकली गेलेली असते. ती सुताराने नव्हे, वायरमननेच शोधून काढावी.